प्रवासी संघटना

सार्वजनिक वाहतुकीच्या सेवेत सुधारणा व्हावी, भाडे वाजवी असावे आणि वाहतुकीचे धोरण ठरविताना प्रवाशांचे मत विचारात घेतले जावे, या हेतूंनी नागरिकांनी स्वेच्छेने स्थापन केलेल्या संघटना. रेल्वे प्रवासी संघ, बस प्रवाशांचे मंच, नव्या लोहमार्गासाठी झटणाऱ्या कृती समित्या, तसेच वाहतुकीच्या प्रश्नांत लक्ष घालणाऱ्या ग्राहक पंचायती यांचा त्यांत अंतर्भाव होतो.

भारतात प्रवाशांच्या मताची शासकीय पातळीवर दखल प्रथम रेल्वेच्या क्षेत्रात घेतली गेली. ॲकवर्थ समितीने (१९२०-२१) रेल्वेसाठी सल्लागार मंडळे नेमण्याची शिफारस केली. आजच्या रेल्वे उपभोक्ता सल्लागार समित्या त्याच परंपरेतील होत. मार्ग परिवहन निगम अधिनियम, १९५० यातही सल्लागार परिषदांची तरतूद आहे. तथापि अशा मंडळांचे काम सूचना करण्यापुरते असते. त्यांच्या सूचना प्रशासनावर बंधनकारक नसतात. त्यामुळे स्वतंत्र संघटनांची गरज उरतेच.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या इतिहासात या संघटनांचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात. दौंड-मनमाड लोहमार्गामुळे १८७८ पासून नगर रेल्वेच्या नकाशावर आले. राज्य परिवहनाची पहिली बसही १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावरच धावली. पूर्वेकडील बीड शहर मात्र लोहमार्गावाचून राहिले. नगर-बीड-परळी या सु. २६१ किमी. लांबीच्या मार्गाची मागणी दोन्ही जिल्ह्यांतील कृती समित्या, व्यापारी, विद्यार्थी व लोकप्रतिनिधी यांनी अनेक दशके लावून धरली. त्यास १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले. तरीही आष्टीपर्यंत गाडी पोहोचण्यास २३ सप्टेंबर २०२२, तर बीडपर्यंत पोहोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडला. मंजुरीनंतरच्या या तीस वर्षांत मागणी विस्मृतीत जाऊ दिली नाही, हे समित्यांचे मोठे श्रेय होय. परंतु मार्ग मागणे आणि त्यावरून सोयीच्या वेळी गाडी धावेल असे पाहणे, ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यास राजकीय पाठबळ मिळते. दुसरे चिकाटीचे व निरस असल्याने सहसा मागे पडते.

या दुसऱ्या कामासाठी आकडेवारी लागते. ती मिळविण्याचे साधन माहितीच्या अधिकाराने दिले. त्यासाठीच्या आंदोलनात याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे अग्रभागी होते. महाराष्ट्राचा याविषयीचा कायदा २००२ मध्ये, तर केंद्राचा २००५ मध्ये झाला. फेऱ्या किती रद्द झाल्या, किती गाड्या नादुरुस्त होत्या, हे कागदोपत्री दाखविता येऊ लागल्याने तक्रारींना वजन आले. पुण्यातील सजग नागरिक मंचाने या साधनाचा नेटाने वापर केला. तेथीलच ‘परिसर’ या संस्थेचा सहभाग असलेल्या ‘सम नेट’ या देशव्यापी जाळ्याने एक लाख लोकसंख्येमागे पन्नास बसगाड्यांची मागणी पुढे आणली. मुंबई ग्राहक पंचायतीने रिक्षा-टॅक्सींच्या भाड्याविषयीचे हकीम समितीचे सूत्र उच्च न्यायालयात नेले. ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ या मंचाने प्रवासी आणि कर्मचारी यांना एकत्र आणले, हे विशेष; कारण एरव्ही हे दोन पक्ष तिकीटखिडकीच्या दोन बाजूंना उभे असतात.

संघटना तेथेच सहज उभी राहते, जेथे तीच माणसे रोज त्याच गाडीने जातात. म्हणून मासिक पासधारकांचे संघ सर्वांत जुने व टिकाऊ ठरले. खेड्यातून एस. टी.ने आठवड्याच्या बाजाराला किंवा दवाखान्यात जाणाऱ्या स्त्रीला असा संघ नसतो. २०२१-२२ मधील एस. टी. कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात ग्रामीण विद्यार्थ्यांचे अतोनात हाल झाले. वेतनाचा प्रश्न रास्त असला, तरी प्रवाशांची बाजू मांडणारा तिसरा पक्ष त्या वाटाघाटींत नव्हता. ग्रामीण भागात ही उणीव काही अंशी ग्रामपंचायत भरून काढते : शाळा सुटण्याच्या वेळी बस मिळावी, असा ठराव करून गावकरी आगार व्यवस्थापकास भेटतात. असे ठराव गावोगाव सुटेसुटे होतात. एकाच आगारातील गावांनी ते एकत्रित मांडल्यास फेऱ्यांची फेरआखणी मागता येते. एकट्या गावास बहुधा एक फेरीच मागता येते.