ऑर्किडची सावली पाहा!



गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. सुट्टी लागली म्हणून वर्गातले ऑर्किड मी घरी नेले आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवले. म्हटलं, झाडाला ऊन तर हवंच ना! चारच दिवसांत दोन पानांवर पांढरट डाग पडले. पाने चक्क भाजली होती!

असे का झाले? आपल्या सह्याद्रीत ‘सीतेची वेणी’ नावाचे ऑर्किड मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. वरच्या पानांतून गाळून आलेले कवडसे त्याला मिळतात. घरातल्या ऑर्किडलाही उजेड हवा, पण दुपारचे कडक ऊन नको. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन मात्र चालते.

उजेड मोजायचा कसा? अगदी सोपं आहे. पानांच्या वर साधारण ३० सेंटिमीटरवर हात धरा. सावली गडद, रेखीव पडली तर ऊन जास्त. पातळ पडदा लावा. पुसट पडली तर उजेड योग्य. पडलीच नाही तर कुंडी खिडकीजवळ सरकवा. पानेही सांगतात बरं का! गवतासारखी हिरवी असली तर ठीक; गर्द हिरवी झाली तर उजेड कमी. अशा झाडाला फुले येणे कठीण.

भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. शाळा उघडल्यावर मी मुलांना खरं ते सांगून टाकलं. आता कुंडी पूर्वेच्या खिडकीत आहे, रोज एकजण सावली पाहतो आणि एक नवे पान डोकावू लागले आहे!