एक नोट्रंप आणि मध्येच आलेली बोली

धर्मापुरीत काय किंवा बीड जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, ज्याला मेंढीकोट येतो त्याला ब्रिज निम्मा येतोच. चौघं जण, समोर बसलेला भिडू, बावन्न पानं, रंगाला रंग, नसेल तर हुकूम. दश्श्या धरायच्या नाहीत, दस्त मोजायचे, एवढाच फरक. खरं नवं असतं ते उतारीच्या आधी: बोली. (पत्ते म्हटले की जुगार असं समजणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये तुलना केली ती ब्रिजच्या वाटपाशी.)

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे पॉइंट धरले, तर १५ ते १७ पॉइंट आणि चारही रंग समतोल असले की ‘एक नोट्रंप’, म्हणजे हुकमाविना डाव. इतकी नेमकी माहिती सुरुवातीच्या फार थोड्या बोली देतात. पुढची वाटही आखलेली. दोन किलवर म्हणजे स्टेमन: बदाम किंवा इस्पिकाची चार पानं आहेत का? ही बोली १९४५ मध्ये सॅम स्टेमन यांनी छापून आणली, मूळ कल्पना त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची. मग ट्रान्स्फर आले: दोन चौकट म्हटलं की भिडूने बदाम सांगायचे, दोन बदाम म्हटलं की इस्पिक.

प्रतिपक्ष हे निवांत संभाषण चालू देत नाही, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. तुमचा एक नोट्रंप जेमतेम झाला तरी तुम्हाला ९० मिळतात. त्यांनी दोन इस्पिक बोलून एक दस्त कमी केला, तर व्हल्नरेबल (म्हणजे जास्त दंडाच्या स्थितीत) नसताना त्यांचे जातात ५०. म्हणून लँडी, कॅपेलेटी, डोन्ट अशा पद्धती निघाल्या. लँडीत दोन किलवर म्हणजे किलवर नव्हेत, बदाम आणि इस्पिक दोन्ही.

यावर उपाय ढीगभर आहेत. दोन किलवरची आडकाठी नैसर्गिक असेल तर सोपं: डबल म्हणजे स्टेमन, बाकी सगळं जसंच्या तसं. त्याहून वरची बोली मध्ये आली की मात्र जागा उरत नाही. तिथे लेबेनसोल ही पद्धत कामाला येते. हे नाव केनेथ लेबेनसोल्ड यांच्यावरून पडलं, आणि आपण हे शोधलेलंच नाही असं त्यांनीच सांगितलं.

समजा भिडू एक नोट्रंप, उजवीकडून दोन इस्पिक. तुमच्या हातात: इस्पिक चव्वी-दुर्री, बदाम राजा-गुलाम-नव्वी-सत्ती, चौकट एक्का-दश्शी-छक्की-तिर्री, किलवर राणी-अठ्ठी-पंजी. दहा पॉइंट, म्हणजे गेम (बोनस देणारी मोठी बोली) व्हायला हवा; पण इस्पिक अडवायला काहीच नाही. इथे थेट तीन इस्पिक बोला. अर्थ असा: बदामाची चार पानं आहेत, इस्पिकाला अडसर नाही. भिडूकडे चार बदाम असतील तर तो चार बदाम बोलेल. नसतील पण इस्पिकाचा राजा-दश्शी असेल, तर तीन नोट्रंप.

आता हात बदला. सहा बदाम, त्यात राणी-गुलाम, बाकी सगळी रद्दी. थेट तीन बदाम म्हटलं की भिडू गेमपर्यंत ओढत नेईल. म्हणून दोन नोट्रंप बोला. त्याने तीन किलवर बोलायचेच असा करार आहे. मग तुमचे तीन बदाम, आणि भिडू पास. तीच बोली, एका पायरीच्या वळणाने आली की दुबळी. मला या साऱ्या पसाऱ्यातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

मध्ये आलेल्या दोन इस्पिकांवरच्या डबलवरून मात्र भिडूंची भांडणं होतात. जुनी मंडळी तिला शिक्षेची मानतात. माझं मत उलट आहे. ज्याने पाच-सहा इस्पिकं घेऊन उडी मारली, त्याच्यामागे तुमच्याकडेही चार इस्पिकं निघणं क्वचित. एक-दोन असणं रोजचं. तेव्हा डबल ‘उरलेल्या रंगांतला तुझा सांग’ अशीच ठेवावी. नोट्रंप बोलणाऱ्याकडे इस्पिकं लांब असतील तर तो पास करून शिक्षा देतोच.

जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि भारताने एक सुवर्ण, दोन कांस्य पदकं आणली. मराठीत डॉ. प्रकाश परांजपे यांनी ‘लोकसत्ता’तल्या ‘डाव मांडियेला’ या सदरातून हा खेळ समजावला. शिकणाऱ्याची भाषेवाचून अडचण आता राहिलेली नाही.

राहिली एक नोट्रंपवरचीच डबल. दुबळ्या हाताने पाच पानांचा रंग बोलून पळावं. नऊ पॉइंट असतील तर रिडबल. भिडूचे पंधरा धरले की चाळीसपैकी चोवीस तुमचे, राहिले सोळा. डबल देणाऱ्याने त्यातले पंधरा स्वतःकडे ठेवले असतील, तर त्याच्या भिडूच्या वाट्याला एखादा गुलाम आला तरी खूप झालं.