लहान शेतकऱ्याचें भांडवल : जमिनींतील ओल व तिची वांटणी

लहान शेतकऱ्यास साहाय्य कसें करावें, या प्रश्नाचीं उत्तरें देणारांची आपल्याकडे कधींच वाण पडलेली नाहीं. कोणी स्वस्त कर्ज सुचवितात, कोणी सुधारलेलें बियाणें, कोणी बाजारभावाची हमी. यांपैकीं एकही गोष्ट अनावश्यक नाहीं. परंतु ज्या प्रदेशांत पाऊस वर्षाकाठीं ५०० ते ७५० मिलिमीटर, म्हणजे २० ते ३० इंच, व तोही लहरी, अशा दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यांत या साऱ्या साहाय्याचा पाया एकाच वस्तूवर उभा राहतो. ती वस्तु म्हणजे जमिनींत मुरलेली ओल. ओल नसेल तर कर्जानें आणलेलें खत पिकास लागत नाहीं, उत्तम बीं उगवून करपतें, आणि भाव कितीही चांगला असला तरी विकावयास माल राहत नाहीं. ही ओल धरून कशी ठेवावी, व गांवांत तिची वांटणी कोणत्या न्यायानें व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

खातेदार किती व जमीन किती

सन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें भारतांतील दर शंभर खातेदारांत सुमारें ८६ खातेदार दोन हेक्टरांहून, म्हणजे पांच एकरांहून, कमी जमीन कसणारे होते. आणि एकूण क्षेत्रापैकीं त्यांच्या वांट्यास सुमारें ४७ टक्केच आलें होतें. अशा खातेदाराची अडचण जमीन थोडी एवढीच नाहीं; एक साल बुडालें तर तें सोसण्याची त्याची शक्ति थोडी, ही खरी अडचण आहे. मोठ्या खातेदारास चार ठिकाणीं शेत असतें, एखादी विहीर असते, गांठीला पैसा असतो. लहानाचें मात्र एक पीक गेलें कीं बैल विकला जातो. बैल गेला कीं पुढील सालची मेहनत वेळेवर होत नाहीं. आणि मेहनत चुकली कीं पुढचेंही पीक बेताचेंच येतें. हा फेरा तोडण्यास प्रारंभ करावयाचा तो शेताच्या बांधापासूनच करावा लागतो.

पावसाचा हिशेब

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी पडतें. ५०० मिलिमीटर पावसाच्या सालीं दोन एकरांच्या धन्यास आकाशांतून सुमारें ४० लक्ष लिटर पाणी मिळतें. परंतु तें सारखें विभागून मिळत नाहीं. एखाद्या दुपारीं ५० मिलिमीटर पाऊस कोसळला तर एकरीं दोन लक्ष लिटर पाणी थोड्या वेळांत शेतावर येतें; जमिनीस तें पिण्यास अवसर मिळाला नाहीं तर तें वाहूं लागतें, आणि जातांना वरची मऊ माती, म्हणजे खत व ओल धरून ठेवणारा थरच, बरोबर नेतें.

उलटपक्षीं, जमिनीच्या पोटांत पुष्कळ जागा असते. तीन फूट खोल काळी जमीन पिकास उपयोगी पडेल असें सुमारें १४० ते १५० मिलिमीटर पाणी धरूं शकते. दोन फूट खोलीची जमीन सुमारें ८० ते ९० मिलिमीटर. आणि वीतभर मुरमाड जमीन याहून पुष्कळच कमी. म्हणून पीक ठरवितांना आकाशाकडे पाहण्यापूर्वीं कुदळ घेऊन जमिनीची खोली पाहावी. खोल जमिनींत रब्बी ज्वारी, मध्यम जमिनींत बाजरी व तूर, हलक्या जमिनींत हुलगा, मटकी किंवा गवत, हा आपल्या वाडवडिलांचा क्रम याच हिशेबाशीं जुळणारा आहे.

उभी पट्टी व आडवी मेहनत

भाऊवांटणी होतांना प्रत्येकास माथ्याची हलकी व पायथ्याची भारी जमीन सारखी मिळावी, म्हणून शेत बहुधा उताराच्या दिशेनें उभें चिरलें जातें. हा न्याय माणसांपुरता ठीक आहे. मातीस तो बाधतो. पट्टी लांब व अरुंद झाल्यामुळें नांगर, कुळव व पाभर हीं सारीं उतारावरून खालीं-वर चालतात, आणि पाभरीचें प्रत्येक तास म्हणजे पाणी व माती वाहून नेणारा एक लहानसा पाट होऊन बसतें.

यावर उपाय असा कीं, सातबारा वेगळा राहूं द्यावा, परंतु मेहनत एकत्र व आडवी करावी. तिघां-चौघां भावांनीं एकच दिवस ठरवून, एकच पीक धरून, सर्व पट्ट्यांवरून उतारास आडवी पेरणी केली, तर कोणाच्याही मालकीस धक्का न लागतां प्रत्येक तास पाणी अडविणारा लहान बांध बनतें. हद्द ओळखण्यास खुणेचे दगड पुरे होतात. समपातळीची रेघ काढण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. पारदर्शक रबरी नळींत पाणी भरून दोन माणसें ती सहज आंखूं शकतात.

सोलापुरकडील रीत

मुंबई इलाख्यांत कोरडवाहू शेतीचा शास्त्रोक्त अभ्यास १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें सुरू झाला, व पुढें १९३३ च्या सुमारास सोलापूर व विजापूर येथें त्यासाठीं स्वतंत्र केंद्रें निघालीं. बांधबंदिस्ती, पेरणीपूर्वीं वारंवार कुळवणी, नियमित शेणखत, बेताचें बीं, ओळींत रुंद अंतर आणि वेळच्या वेळीं कोळपणी, हें त्या अभ्यासाचें सार होय. रब्बी ज्वारीसाठीं आज जी रीत सांगितली जाते ती याच मार्गानें आलेली आहे. ती अशी :

पावसाळ्यांत रान मोकळें असतांना त्यांत सारे पाडून सुमारें दहा फूट लांब व दहा फूट रुंद असे वाफे करावे, म्हणजे पडेल तो पाऊस जागच्या जागीं जिरतो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतींत, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच, अंतर ठेवून करावी. ताटें दाट ठेवल्यानें पीक वाढत नाहीं. सांठ्यांतील तेंच पाणी अधिक तोंडांत वांटलें जातें, व कणीस भरण्याच्या वेळीं सांठा सरतो. पुढें तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत कोळपणी करावी. पहिल्या दोन कोळपण्या मुख्यतः तणासाठीं. तिसरी दांतेरी कोळप्यानें करावी, म्हणजे काळ्या जमिनीच्या भेगा बुजून त्यांतून उडून जाणारी ओल राहते. या सर्व रीतींत विकत आणावयाचें फारसें कांहीं नाहीं. जें लागतें तें वेळेवर केलेलें श्रम होय. लहान खातेदारास ती परवडते ती याच कारणामुळें.

बांध कां फुटले

सन १९४२ मध्यें मुंबई इलाख्यांत जमीनसुधारणा योजनांचा कायदा झाला, व त्याखालीं समपातळीचे बांध घालण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. १९७२ च्या दुष्काळांत व पुढें रोजगार हमी योजनेवरही असंख्य हात अशाच कामांवर राबले. तरी कित्येक ठिकाणीं ते बांध टिकले नाहींत. समपातळीची रेघ मालकीची शीव ओळखत नाहीं; ज्याच्या शेतांतून बांध तिरपा गेला त्यास तो अडचण वाटला. खोल काळ्या रानांत जेथें सांडवा नीट नव्हता तेथें पाणी तुंबून पीक पिवळें पडलें, आणि धन्यानेंच बांध फोडला. फुटलेल्या बांधाचें पाणी खालच्या शेजाऱ्याच्या रानांत ओघळ पाडतें, व एकाचें दुखणें दहांचें होतें. यावरून बोध घ्यावयाचा तो असा कीं, माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या सर्व धन्यांची संमति व सांडव्याची जागा हीं दोन्हीं आधीं ठरावीं, आणि मग कुदळ लागावी.

जिरलेलें पाणी कोणाचें ?

एवढें करूनही एक प्रश्न उरतो, व तोच सर्वांत अवघड आहे. माथ्याकडील लहान शेतकऱ्यांनीं पाणी अडविलें, तें जिरलें, आणि जमिनीखालून पायथ्याकडे सरकलें. तेथें ज्याच्याजवळ खोल विहीर, कूपनलिका व मोठा पंप आहे, तो तें उपसतो. उंसास हंगामाकाठीं २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागतें; ज्वारीची गरज त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणजे एक एकर उंसाच्या पाण्यांत सुमारें चार एकर ज्वारी निभावते. वांटणीचा नियम नसेल तर श्रम सर्वांचे आणि पीक एकाचें अशी स्थिति होते, व दुसऱ्या सालीं बांधावर कोणी कुदळ घेऊन येत नाहीं.

असे नियम करणें आपल्या लोकांस नवें नाहीं. खानदेशांत पांझरा व नाशिककडे मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर फडपद्धति पिढ्यान् पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडावे, एका फडांत एका प्रकारचेंच पीक घ्यावें, पाणी पाटकऱ्यानें पाळीनें द्यावें, आणि पाणी कमी पडेल त्या सालीं सर्वांनींच भिजवणीचें क्षेत्र आंखडावें, अशी तिची घडी होती. तुटीचा भार एकट्या शेवटच्या शेतकऱ्यावर पडूं न देणें, हें या पद्धतीचें मर्म होय.

पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर याच न्यायास नवें रूप दिलें. साळुंखे हे पुण्याचे अभियंते व कारखानदार. १९७४ सालीं त्यांनीं देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडानें घेऊन तीवर पाणी अडविण्याचे प्रयोग केले, व त्यांतून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम थोडे व स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां कुटुंबांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावें : दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, व एका कुटुंबास अडीच एकरांपुरतेंच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊं नये. भूमिहीनासही पाण्यांत वांटा असावा. ऊंस लावूं नये. आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणारांनीं स्वतः आधीं भरावा. हा शेवटचा नियम विशेष महत्त्वाचा आहे. ज्यानें पदरचे पैसे घातले तो पाण्याचा हिशेब विचारतो.

अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरेबाजार या गांवीं पाऊस साधारणतः ४०० मिलिमीटरच्या आसपास. तेथें १९९० नंतर डोंगराच्या माथ्यापासून मृदसंधारणाचीं कामें झालीं. परंतु त्यांच्या जोडीस गांवानें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास बंदी केली, ऊंस व केळीं वर्ज्य केलीं, आणि दरसाल पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढें मांडून कोणतें पीक किती घ्यावें हें ठरविण्याचा प्रघात पाडला. पिण्याचें पाणी प्रथम, गुरांचें नंतर, व शेताचें त्यामागून, हा तेथील क्रम आहे.

एका आक्षेपाचें उत्तर

विहीरवाले बागाईतदार यावर म्हणतील कीं, "विहीर आमच्या रानांत, खर्च आमचा, मग पाण्यावर गांवाचा हक्क कसला ?" विहीर व पंप त्यांचे, यांत वाद नाहीं, परंतु विहिरींत येणारें पाणी त्यांच्या चार एकरांवर पडलेल्या पावसाचें नसतें, तें माथ्यावरील पन्नास शेतांतून झिरपत येतें. शिवाय नियमानें पहिलें नुकसान त्यांचें होईल असें वाटलें, तरी अनियमानें शेवटचें नुकसानही त्यांचेंच होतें. एकानें दोनशें फूट खोदलें कीं शेजारी तीनशें खोदतो; पाणी तेवढेंच राहतें, कर्ज मात्र दोघांचें वाढतें. १९७२ सालीं ज्या विहिरी आटल्या त्यांच्याहून कितीतरी खोल गेलेल्या कूपनलिका पुढील दुष्काळांत कोरड्या पडल्या, हें वाचकांनीं आपल्या शिवारांतच पाहिलें असेल. सरकारनें २००९ चा भूजल कायदाही केला आहे. तथापि कायद्याचा शिपाई प्रत्येक विहिरीवर उभा राहूं शकत नाहीं, तें काम गांवाच्या संमतीनेंच व्हावयाचें.

तात्पर्य

आमच्या वाचक बंधूंपैकीं कांहीं माथ्याचे धनी आहेत, कांहीं पायथ्याचे. दोघांनींही येत्या पावसाळ्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या अशी आमची विनंति आहे. आपल्या रानाची खोली तीन ठिकाणीं खणून पाहून तीप्रमाणें पीक ठरवावें. भाऊबंद व शेजारी यांच्याशीं बोलून एका तरी ओढ्याच्या कांठचीं शेतें आडवीं पेरण्याचा करार करावा. आणि दिवाळीच्या आगेंमागें गांवकीची सभा भरवून, विहिरींचें पाणी दोरीनें मोजून, उन्हाळी पिकांचा निर्णय त्या मापावरून घ्यावा. यांपैकीं पहिली गोष्ट एकट्यास करतां येते, दुसरीस चार जण लागतात, तिसरीस सारा गांव लागतो. लहान शेतकऱ्यास मिळणारें कर्ज, बीं व भाव हीं साऱ्यांस फळ येण्यास या तिहींची जोड हवी. ती ज्या गांवांत मिळेल तेथील दोन एकरांचा धनी पुढच्या अवर्षणांतही आपले बैल राखून असेल.