आधी टीम, मग गाडी (पायांच्या बळावर : भाग 6)

मागच्या भागात फ्रँस्वा फोरची गोष्ट आली होती. जुलै 1933 मध्ये पॅरिसला त्याने पाठ टेकून चालवायच्या सायकलीवर तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापलं आणि ऑस्कर एगचा 1914 पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने असली सायकल शर्यतीतून बाहेर काढली. त्यानंतर चाळीस वर्षं हा प्रकार हौशी लोकांच्या घरगुती कार्यशाळांतच तग धरून राहिला. मग एप्रिल 1975 मध्ये कॅलिफोर्नियात चेस्टर काइल हे प्राध्यापक आणि त्यांचे मित्र जॅक लॅम्बी यांनी एक शर्यत भरवली. आकार कसाही असो, चाकं कितीही असोत, अट एकच : गाडी माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे. वर्षभरात, 1976 साली, या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

तेव्हापासून हा खेळ हौशींच्याच हातात आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यार्थ्यांच्या गाडीने 2013 साली अमेरिकेतल्या बॅटल माउंटनच्या सरळ रस्त्यावर ताशी 133.78 किलोमीटरचा वेग गाठला. 2016 साली टोरंटोच्या एरोवेलो टीमने त्याच रस्त्यावर 144.17 पर्यंत मजल मारली. मला यातली डेल्फ्टची टीम जास्त महत्त्वाची वाटते. तिथे मुलं शिकून बाहेर पडतात, नवी मुलं येतात, तरी टीम टिकते. आपल्या परभणीत अशी टीम चालवायची असेल तर शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. वेगाचं नंतर बघू.

आपल्या मुलांसाठी दोन वाटा जवळच्या आहेत. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची, म्हणजे एएसएमईची, ह्युमन पॉवर्ड व्हेईकल चॅलेंज ही स्पर्धा भारतातही भरत आली, काही वर्षं दिल्लीच्या आयआयटीत. पुढे तिच्यात विजेची जोड आली आणि नावाच्या आधी ‘ई’ लागला. दुसरी एसएईइंडियाची एफिसायकल, 2010 पासूनची : तीन चाकं, दोन चालक, पायडल आणि सोबत छोटी मोटर. ऑस्ट्रेलियात तर शाळेतली पोरं या खेळात आहेत. व्हिक्टोरियातल्या मेरीबरो गावात 1991 पासून शालेय टीम येतात आणि त्यातल्या मोठ्या गटाची शर्यत चोवीस तास चालते, रात्रीसुद्धा. मेरीबरो परभणीपेक्षा कितीतरी लहान गाव आहे.

नव्या टीमचं पहिलं काम नियमांचं पुस्तक वाचणं. सगळ्यांनी वाचायचं, एकट्या कप्तानाने वाचून भागत नाही. एएसएमईच्या जुन्या नियमांतली एकच ओळ घ्या : ताशी 25 किलोमीटर वेगात असलेली गाडी 6 मीटरच्या आत थांबली पाहिजे. वाचायला सोपी वाटते. ताशी 25 म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. सहा मीटरमध्ये थांबायचं तर ब्रेक दाबल्यापासून पावणेदोन सेकंदांत सगळं संपलं पाहिजे. साध्या सायकलीचे रबरी ब्रेक, ओली रिम आणि शंभर किलोच्या जवळ जाणारं वजन असेल तर हे जमत नाही. मग डिस्क ब्रेक येतात, आणि पुढे दोन चाकं असतील तर ते दोन्हींना सारखे लागले पाहिजेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. एका ओळीतून पुढच्या अर्ध्या गाडीचं डिझाइन ठरतं ते असं.

दुसरी ओळ चालकाच्या जिवाची आहे. गाडी उलटली तर डोकं आणि खांदे वाचवणारी लोखंडी कमान हवी, आणि ती वरून 2670 न्यूटन व बाजूने 1330 न्यूटन भार पेलणारी हवी. वरच्या भाराला 5.1 सेंटिमीटरपेक्षा, बाजूच्या भाराला 3.8 सेंटिमीटरपेक्षा जास्त दबलेली चालत नाही. संगणकावर रंगीत चित्र काढून हे सिद्ध करता येतं, पण मी म्हणेन की वजन टांगून बघाच. 2670 न्यूटन म्हणजे साधारण 272 किलो, सिमेंटच्या साडेपाच गोण्या. कमानीची चाचणी-चौकट वेगळी जोडून घ्या, ती नियमात सांगितलेल्या बारा अंशांच्या कलात घट्ट धरा, कमानीशेजारी स्टीलची पट्टी उभी करा आणि एकेक गोणी चढवत प्रत्येक वेळी वाकण्याचा आकडा वहीत लिहा. गोण्या काढल्यावर कमान पहिल्या जागी परत आली का, हेही बघा. परत आली नाही तर ती कायमची वाकली, आणि अशा कमानीखाली कुणाला बसवायचं नाही. ही चाचणी एकदा डोळ्यांनी पाहिलेली मुलं नंतर वेल्डिंगमध्ये हलगर्जी करत नाहीत.

बांधणीचं कसब गावात आहे. आयटीआयमधून शिकलेले वेल्डर आहेत, ट्रॉली आणि पेरणीयंत्रं जोडणारी वर्कशॉपं आहेत, कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अपंगांच्या हाताने चालवायच्या तीनचाकीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला चेन कुठे उतरते आणि का, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. त्याला आधीच विचारा. एक सावधगिरी मात्र हवी. अ‍ॅल्युमिनिअम हलकं म्हणून मोह होतो, पण कडक केलेलं अ‍ॅल्युमिनिअम वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ बरंच मऊ पडतं, आणि परत कडक करायला मोठी भट्टी लागते. पहिल्या वर्षी स्टीलची पाइप घ्या. दोन-तीन किलो जास्त भरतील, भरू देत.

वजनाची भीती किती बाळगायची याचाही हिशेब होतो. गाडी तीस किलो आणि चालक पासष्ट किलो, वेग ताशी 25 धरला तर गाडीत सुमारे 2300 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. धडधाकट माणूस तासन्‌तास पायडल मारतो तेव्हा साधारण शंभर वॅट देतो. म्हणजे एकदा गाडी पूर्ण थांबली की तेवीस सेकंदांची मेहनत ब्रेकमध्ये गेली. दहा किलो कमी केले तर त्यातले अडीच सेकंद वाचतात. चेन उतरली तर दोन मिनिटं जातात. कुठल्या गोष्टीवर रात्र जागवायची ते यावरून ठरवा.

ही वाया जाणारी मेहनत साठवता येईल का, या प्रश्नावर आपल्याच नागपुरात मोठं काम झालंय. प्रा. जे. पी. मोडक यांनी पायडलवर फिरणारं जड फ्लायव्हील घेतलं. माणूस मिनिटभर पायडल मारून चाक वेगात आणतो, मग क्लच जोडला की तीच ऊर्जा थोड्या वेळात बाहेर पडते, आणि एरवी तीन ते सात अश्वशक्तीची मोटर लागेल असं काम होतं. यावर त्यांनी विटा पाडायचं यंत्र चालवलं. याच खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘ह्युमन पॉवर’ या नियतकालिकात त्यांचे लेख छापून आले. धावत्या गाडीत जड चाक घालणं परवडत नाही हे खरं. पण माणसाची ताकद मोजायची कशी, ती कुठे गळते, हे शिकायला त्यांच्यासारखा शिक्षक शोधून सापडणार नाही. टीममधल्या एकाने तरी ते लेख मिळवून वाचावेत.

आता चालक. लांब पल्ल्याच्या शर्यतीत चालक बदलत राहतात, आणि नव्या टीमचा वेळ तिथेच जातो. पाठ टेकायची गाडी प्रत्येकाला वेगळी लागते : पाठीच्या टेकूपासून पायडलपर्यंतचं अंतर पायाच्या लांबीवर ठरतं. पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा मुलगा एकाच गाडीत बसणार असतील तर पुढचा दांडा किंवा सीट सरकती हवी, आणि ती पान्याशिवाय सरकली पाहिजे. दांडा सरकवला की चेनची लांबी बदलते. इथे मुळात साध्या सायकलीच्या अडीच-तीन चेन जोडून केलेली लांब चेन असते, तिचा झोल ओढून धरणारी पुली लागते. म्हणून सीट सरकवणं सोपं पडतं. प्रत्येक चालकाची खूण फ्रेमवर वेगळ्या रंगाने करून ठेवा. एकाने बक्कल सोडायचं, दुसऱ्याने सीट सरकवायची, तिसऱ्याने नव्या चालकाचे पट्टे आवळायचे, आणि याची तालीम कवायतीसारखी रोज संध्याकाळी.

मुलींना शेवटी नाव भरायला घेऊ नका. एएसएमईच्या स्पर्धेत महिला चालकांची वेगाची शर्यत वेगळी असायची, तिचे गुण टीमच्या खात्यात जायचे. आपल्या जिल्ह्यात सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलीवर रोज कित्येक किलोमीटर तुडवून शाळा केलेल्या मुली आहेत. चढाला, उन्हाला, खड्ड्याला त्यांचे पाय सरावलेले आहेत. निवड करताना त्यांच्या गावी जा.

आणि गाडी चालवून बघा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. आपल्याकडच्या बहुतेक टीम शर्यतीच्या आदल्या रात्रीपर्यंत गाडी जोडत बसतात, आणि पहिला खरा किलोमीटर शर्यतीतच होतो. ढिला नट, टायरला घासणारा मडगार्ड, वळणावर सुटणारी चेन हे सगळं तिथे कळतं. रंग नसलेली, कव्हर नसलेली गाडी दोन महिने आधी चालती करा. परभणीचे रस्ते यासाठी फार चांगले परीक्षक आहेत. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबर लाटांसारखं वरखाली होतं. बसकी गाडी तिथे घासली तर ती शर्यतीतल्या गतिरोधकावरही घासणार. पहिल्या फेऱ्या मात्र बंद आवारात घ्या, महाविद्यालयाची परवानगी काढून. वसमत रोडवर ट्रकवाल्याला जमिनीलगतचा चालक दिसत नाही. बाहेर काढायचीच असेल तर उंच काठीवर भगवा-लाल झेंडा आणि पुढे-मागे एकेक मोटारसायकल असल्याशिवाय काढू नका.

वेळापत्रक हवामान बघून आखा. पावसाळ्यात वाचन, चित्रं आणि खरेदी. दसऱ्याआधी फ्रेम. दिवाळीला मुलं गावी जातात, कुणाच्या घरी कापूस वेचणीला हात लागतात, ते दिवस धरूच नका. डिसेंबरची थंडी इथे बोचरी असते, तरी सराव त्याच दिवसांत करा. मार्चनंतर सकाळी आठच्या पुढे कुणालाही गाडीत बसवायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी जवळ असलं तरी.

गाडीबाहेरच्या माणसांचं मोल नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांकडून कळतं. 2015 साली दोघांच्या गटात त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. सायकलवर दोघं होते, पण मागे गाड्या, जेवण, रस्ता, झोप सांभाळणारी टीम होती. तुमच्या टीममध्येही पाण्याची बाटली देणारा, घड्याळ धरणारा आणि हिशेब ठेवणारा यांना चालकाइतकाच मान हवा. पैशाची वही उघडी ठेवा. जिनिंगवाले, दुकानदार, माजी विद्यार्थी मदत करतात, मात्र मागच्या पैशाचं काय झालं हे त्यांना दाखवावं लागतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जाताना तीन गोष्टी मागे ठेवायच्या : चाचण्यांची वही, सुट्या भागांची पेटी आणि दुसऱ्या वर्षातली दोन तयार मुलं. चौकटीचे जोड कापून नवी गाडी करण्याऐवजी जुनी तशीच राहू द्या. पुढची टीम तिच्यावर सराव करेल.

पुढच्या आठवड्यात तीन चाकांच्या गाडीचं स्टिअरिंग पाहू : पुढे दोन चाकं चांगली की मागे दोन, आणि वळणात आतलं चाक जास्त का वळवावं लागतं. तोवर आपल्या महाविद्यालयात कोण कोण तयार आहे याची यादी करा, आणि त्यात निदान दोन नावं पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातली असू द्या.