उपकेंद्रातल्या सिस्टर आता काय काय करतात?

गटाच्या बैठकीत आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "उपकेंद्रात जाऊन काय करू? तिथं डॉक्टर कुठं असतो?"

तिथं एमबीबीएस डॉक्टर नसतो, हे खरं. पण 2018 मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद आलं. आपल्या राज्यात या पदावर कुठं बीएएमएस डॉक्टर आहेत, कुठं बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या सिस्टर. नर्सिंगबरोबर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं जादा शिक्षण घेतलेल्या या सिस्टर फक्त इंजेक्शन देण्यापुरत्या नाहीत. त्या स्वतः तपासतात, साध्या दुखण्यावर औषध देतात आणि कुणाला पुढं पाठवायचं ते ठरवतात.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा बीपी आणि साखर तपासणं हे त्यांचं काम. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांच्या कॅन्सरची पहिली तपासणीही त्यातच येते. आशाताई घरी येऊन तंबाखूचं विचारतात, कमरेचा घेर मोजतात, ते यासाठीच. मिश्री लावणाऱ्या बायांनी तर तोंड दाखवून यावंच.

खरा फायदा बीपीच्या गोळीचा. बीपी दुखत नाही, म्हणून बाई महिनाभर गोळी घेते आणि बरं वाटलं की सोडते. पुढं एक दिवस अर्धांगवायू होतो आणि सगळं घर अंथरुणाशी बांधलं जातं. गोळी कोणती, किती, हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ठरवतात. नंतर दर महिन्याला बीपी मोजून तीच गोळी उपकेंद्रात मोफत मिळते. तालुक्याचं एसटी भाडं वाचतं, मजुरीचा दिवसही बुडत नाही. मध्येच डॉक्टरांचा सल्ला लागला, तर सिस्टर ई-संजीवनीवर मोबाइलमधून गाठ घालून देतात.

पण छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, गरोदर बाईला रक्तस्राव सुरू झाला, तर उपकेंद्रात रांग लावू नका. थेट 108 ला फोन करा.

सीएचओ बहुतेक कंत्राटी आहेत, पगाराचा काही भाग कामाच्या मोजणीवर मिळतो. एवढी जबाबदारी टाकायची आणि नोकरी कच्ची ठेवायची, हे आम्हाला पटत नाही. तरीही उपकेंद्राला कुलूप दिसलं, गोळ्या संपल्या, तर गप्प परतू नका. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. गटातल्या चौघी मिळून त्यांना विचारा.