मांसल पानांच्या झाडांचे थंडीपासून रक्षण

शाळेच्या बागेत कोरफड, पानफुटी, घायपात, निवडुंग यांपैकी एखादे झाड बहुधा असतेच. पाण्याची टंचाई सोसून ही झाडे तग धरतात. म्हणून शिक्षकांस ती सोयीची वाटतात. परंतु भर उन्हाळ्यात न मरणारे झाड पौषातील एका रात्रीत काळे पडलेले आढळते आणि ज्या मुलांनी ते लावले त्यांचा हिरमोड होतो. यामागील कारण मुलांस समजले, तर उपाय त्यांचे त्यांनाच सुचेल.

या झाडांची पाने अथवा खोडे ही पाण्याची कोठारेच होत. पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पानातील पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे कण तयार होतात, ते पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतात आणि पेशींची आवरणे फाटतात. ऊन चढल्यावर असे पान उकडल्यासारखे लिबलिबीत होते व पुढे काळे पडते. उन्हाळ्यात जे झाडाचे भांडवल, तेच कडक थंडीत त्याचे संकट ठरते.

आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी कोठे पडते, असे कोणी विचारील. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याचे अनेकदा आढळले आहे. निफाडकडील थंडीही प्रसिद्ध आहे. शिवाय हवेचे तापमान जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर मोजतात. निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. त्यामुळे जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी अधिक थंड असते. सर्वांत कडक थंडी सूर्योदयाच्या सुमारास असते.

या माहितीवरून रक्षणाचे उपाय ठरतात. कुंड्या पडवीत अथवा दक्षिणेकडील भिंतीच्या आडोशास ठेवाव्यात. जमिनीतील झाडाभोवती चार काठ्या रोवून सायंकाळी त्यांवर गोणपाट टाकावे. ते पानांस टेकू देऊ नये. आच्छादन ऊब निर्माण करीत नाही, जमिनीची ऊब केवळ राखते. म्हणून ते जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे. ऊन पडताच ते काढावे, म्हणजे जमीन पुन्हा तापेल. या दिवसांत खत देऊ नये. खताने फुटणारे कोवळे कोंभ थंडीस प्रथम बळी पडतात.

शेतकऱ्याचा मुलगा येथे एक रास्त शंका काढील : ‘थंडीच्या रात्री आम्ही बागेस पाणी देतो, मग कोरफडीस का नको?’ विहिरीचे पाणी हवेहून उबदार असते आणि ओली जमीन उष्णता अधिक साठविते, म्हणून शेतात तो उपाय योग्यच आहे. परंतु कुंडीतील माती थोडी. ती लवकर गार होते. थंडीत मांसल झाडाची वाढ मंदावते, मुळे पाणी फारसे घेत नाहीत आणि ओल राहून ती कुजतात. म्हणून माती पूर्ण कोरडी झाल्यावरच, तेही सकाळी ऊन आल्यावर, थोडे पाणी द्यावे.

पान काळे पडले तरी घाईने कापू नये; थंडी सरेपर्यंत ते आतील कोंभास आडोसा देते. मात्र ते कुजू लागल्यास स्वच्छ चाकूने काढावे. निवडुंगाचा चीक डोळ्यांस घातक असल्याने हे काम शिक्षकांनीच करावे. पानफुटीची चार पाने पडवीत ओलसर वाळूवर ठेवल्यास त्यांच्या कडांस रोपे फुटतात व वाण टिकून राहते.

मुलांनी एका संध्याकाळी दोन सारखे पत्र्याचे डबे, एक अंगणात व एक पडवीत, ठेवावेत. दव पडलेल्या सकाळी अंगणातील डबा ओला व पडवीतील बहुधा कोरडा आढळेल. आच्छादनाचे महत्त्व त्यावरून पटेल. नाताळच्या सुट्टीतही गोणपाट टाकण्याची व काढण्याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांस वाटून द्यावी. एक दिवसाची हयगयही झाडाच्या जिवावर बेतू शकते.