नातवंडांसाठी सामाईक अंगण

सकाळी मुलगा आणि सून कामावर जातात, दार बंद होते आणि दोन वर्षांचे नातवंड व आपण एवढेच घरात उरता. अकरा वाजेपर्यंत गाणी संपतात, गोष्टी संपतात, आपले गुडघे कुरकुरू लागतात. मग त्या इवल्या हातात मोबाइल दिला जातो आणि दिवसभर मनाला टोचणी लागून राहते. समोरच्या इमारतीतील आजींचीही त्या वेळी हीच अवस्था असते. खेळगटाची सुरुवात त्यांचे दार वाजवण्यापासून होते.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम हाती घेतले, तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात. म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज उणीव आहे ती अंगणाचीच. ती सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहाने किंवा मंदिराच्या सावलीतील ओट्याने भरून निघू शकते. गाड्यांची वर्दळ आणि उघडी टाकी मात्र जवळपास नसावी.

दीड ते तीन वर्षांची चार-पाच मुले पुरेत. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी तासभर. प्रत्येक मुलासोबत त्याच्या घरचे एक मोठे माणूस थांबलेच पाहिजे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. अन्यथा महिन्याभरात गटाचे पाळणाघर होते आणि ते एकट्या आपल्या गळ्यात पडते. येथे भिडेला बळी पडू नये.

खेळणी विकत आणण्याची घाई नको. वाट्या, डाव, झाकणांचे डबे, जुनी ओढणी, वाळूचे घमेले एवढ्यावर तास सहज निघतो. पाण्याचा खेळ मांडल्यास तेथून क्षणभरही उठू नये आणि खेळ संपताच पाणी ओतून टाकावे. चार बोटे पाण्यातही लहान मूल बुडू शकते. अक्षरे आणि अंक यांचा आग्रह या वयात अनाठायी आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेळगटाचे काम तेवढेच.

या वयाची मुले एकत्र खेळण्यापेक्षा शेजारी शेजारी बसून आपापले खेळतात. वस्तू वाटून घेणे त्यांना अजून साधत नाही, म्हणून एकसारख्या दोन-तीन वाट्या ठेवाव्यात. तरीही ओढाओढी होईल, कोणी चावेलही. मुले पाच मिनिटांत विसरतात. आजी-आजोबा विसरत नाहीत, आणि बहुतेक गट त्यामुळेच मोडतात.

खाऊत केळे किंवा मऊ उपमा चालेल. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, गोळ्या मुळीच नकोत. ते घशात अडकतात. आणखी एक धोका आपल्याच पिशवीत असतो: रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. पिशवी उंच खुंटीला टांगावी. श्रवणयंत्राच्या बटणासारख्या बॅटऱ्याही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

स्वतःकडेही पाहावे. जमिनीवर बसण्याचा अट्टहास नको, खुर्ची घ्यावी. मूल उचलण्याऐवजी त्याला मांडीवर चढू द्यावे. सर्दी-तापाच्या मुलाला त्या दिवशी घरीच ठेवावे, हा नियम मुलांइतकाच दमा किंवा मधुमेह असलेल्या आजी-आजोबांसाठीही आहे. फ्लूच्या लशीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. आणि थकवा आला तर ‘आज जमणार नाही’ असे निःसंकोच कळवावे. तेवढी मोकळीक प्रत्येकाला हवी.

पहिल्या दिवशी नातवंड बहुधा आपला पदर सोडणार नाही. त्याला तसेच बसू द्यावे. तेवढ्यात शेजारच्या आजींचे नाव विचारून घ्यावे. आजवर आपण त्यांना कोणाची तरी आजी म्हणूनच ओळखत असाल.